उकंडाचा कूलर

वऱ्हाडातल्या एका गावात उकंडा नावाचा भोळा गडी राहायचा. भोळा म्हणजे किती? कुणी काही सांगितलं की तो तसंच करायचा. अगदी तस्संच.

ऐन उन्हाळ्यात त्याला लेक झाली. तिच्या अंगभर घामोळं उठलं, पोर दिवसभर रडायची. बायको वेणू म्हणाली, खिडकीबाहेर कूलर लावा. उकंडाने कूलर आणला, लोखंडी स्टँड आणलं आणि खिळे ठोकून भिंतीला लावलं. स्टँड गिलाव्याच्या पोपड्यासकट खाली आलं. नशीब, कूलर अजून अंगणातच होता.

तो झिबल मिस्त्रीकडे गेला. मिस्त्री म्हणाला, गिलाव्यात दम नसतो, भोक विटेच्या मधोमध पाड.

उकंडाने अंगणातल्या विटांच्या ढिगातली एक छानशी वीट निवडली, मांडीवर घेतली आणि मधोमध भोक पाडलं.

ती वीट पाहून मिस्त्रीने कपाळाला हात लावला. सुटी वीट नव्हे रे, भिंतीतली, असं बजावलं.

उकंडाने भिंतीतली वीट उपसून काढली. पलीकडे वेणू दिसली. हे काय चाललंय, असं तिने भगदाडातून विचारलं.

"भोक पाडायचंय," उकंडा म्हणाला. "भिंतीतलीच वीट लागते."

तो पुन्हा मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीने शांतपणे समजावलं, ती वीट सिमेंटात परत बसव आणि तिला नीट पाणी पाज. उकंडाने वीट बसवली. मग लेकीचं दूध पाजायचं बोंडलं आणलं आणि विटेला घोट घोट पाणी पाजलं. वर ढेकर निघावा म्हणून थोपटलंही.

शेवटी मिस्त्री स्वतः आला. भोकं पाडली, लांब बोल्ट घातले, स्टँड आवळलं. जाताना म्हणाला, "कूलर चढवायच्या आधी स्टँडला लोंबकळून बघ. तू टिकलास तर कूलर टिकेल."

उकंडा लोंबकळला. स्टँड तसूभर हललं नाही. शेजाऱ्यांनी कूलर चढवला, गार वारा सुटला, लेक गाढ झोपली. तिला पाहून उकंडाचा ऊर भरून आला. त्याने पकड आणखी घट्ट केली.

वेणूने जेवायला हाक मारली. तो येईना म्हणून ती बाहेर आली, तर हा घामाघूम, अजून स्टँडलाच लोंबकळलेला.

"उतरा की आता."

"कसा उतरू? मी टिकलो तरच कूलर टिकणार."

"मग जेवणार कधी?"

उकंडाने जरा विचार केला.

"तुझ्या भावाला बोलावून घे. आळीपाळीने लोंबकळू. आणि कपडे जास्तीचे आण म्हणावं, उन्हाळा अजून बराच बाकी आहे."