न द्यायचा हात

मिरजेतला धारवाडकर सरांचा इंग्रजीचा क्लास परदेशी निघालेल्या नर्सेसनी नेहमी भरलेला असे. सरांना भारदस्त इंग्रजी लागे, आणि एस्तेर भांबळ सिस्टरचं इंग्रजी अगदीच साधं. चौदा वर्षं वॉर्डात काढलेली ही बाई बोलायची तेच मुळी थोडकं.

एक दिवस सर म्हणाले, "सिस्टर, एवढ्याशा इंग्रजीवर परीक्षा निघायची नाही. समजा मी पेशंट आहे आणि बीपी बघायला हात देत नाही. मला इंग्रजीत पटवा. नाही जमलं तर यंदा तुमचा फॉर्म जाणार नाही."

सर दोन्ही हात काखेत दाबून खुर्चीत बसले. आधीच्या तिघी त्यांना पाच-पाच मिनिटं समजावून घामाघूम झाल्या होत्या. एस्तेर सरावासाठी ठेवलेलं बीपीचं मशीन घेऊन त्यांच्या शेजारी बसली आणि तिने काळजीच्या सुरात, इंग्रजीत एवढंच विचारलं, "कुठला हात द्यायचा नाही, सर?"

"दोन्ही," असं ठणकावत सरांनी दोन्ही हात तिच्यापुढे नाचवले.

ते भानावर येईपर्यंत डाव्या दंडाला पट्टा बसला होता. वर्गात हसू दाबलं जात होतं.

"यात इंग्रजी कुठे होतं?" सर चिडून म्हणाले.

"पेशंटला कळलं, सर, तेवढं होतं," एस्तेर हवा भरत म्हणाली. "आता जरा गप्प बसा. बोललात की बीपी वाढतं."

उरलेल्या मोकळ्या हाताने सरांनी तिचा फॉर्म जवळ ओढला आणि सही केली.