तामडा, तुरमली आणि राजांचा हुक्का

घर्रर्र... घर्रर्र! लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून ऐकलेला पैलू पाडायच्या चाकाचा आवाज येसबाच्या कानात अजून घुमत होता. आणि आज ते चाकच घरातून जायची वेळ आली होती!

झालं होतं असं. सावळगडच्या रणधीरराजांनी दोन खडे येसबाकडे पैलू पाडायला दिले होते. एक तामडा, थोरल्या राणीसाहेबांच्या माहेरचा. दुसरा तुरमली, राजांनी हौसेने धाकटीसाठी आणलेला. दोन्ही लालबुंद, दोन्ही डाळिंबाच्या दाण्याएवढे! खडा लाखेने काठीला चिकटवायचा, ओळखीसाठी काठीला दोरा बांधायचा, मग चाकाला लावायचा, ही येसबाच्या घरची रीत. तामड्याला पांढरा दोरा, तुरमलीला काळा. काम झाल्यावर लाख सोडवायला त्याने दोन्ही काठ्या निखाऱ्यावर धरल्या आणि दोन्ही दोरे भुर्रकन जळून गेले! म्हाताऱ्याच्या तळहातावर उरले दोन लाल खडे. कोणता कुणाचा?

येसबाने दरबारात जाऊन दोन्ही खडे राजांपुढे ठेवले आणि चूक सांगून टाकली. राजे एक नंबरचे हट्टी!

"आता इथंच ओळख! ओरखडा काढायचा नाही, तोलायचं नाही, शेजारी तिसरा खडा धरायचा नाही. चुकलास तर तुझं चाक त्रिंबकशेठच्या दुकानात जाईल!"

दरबारचे रत्नपारखी त्रिंबकशेठ मिशीला पीळ देत पुढे आले. "सरकार, यात काय ओळखायचं? डावा तुरमली! तेज बघा त्याचं!"

"शेठ, उजव्याचं तेज कुठं कमी आहे?" येसबा हळूच म्हणाला.

"या वयात तुला दिसतंय तरी काय?"

येसबाची मान खाली गेली. त्याच्या मागे उभी असलेली सून, साळू, पदर खोचून पुढे झाली.

"सरकार, तुमचा हुक्का जरा देता का?"

राजांच्या तोंडातली नळी तशीच राहिली. "पोरी, तू हुक्का ओढणार?"

"मी नाही. खडे ओढतील!"

राजांनी हसू दाबत हुक्का पुढे सरकवला. साळूने चिलमीच्या गरम झाकणावर दोन्ही खडे ठेवले. विडा लावायला लागतो तेवढा वेळ थांबली. मग ताटलीत चिलमीतली राख झटकली आणि चिमट्याने एकेक खडा राखेवर धरला. डावा खडा स्वच्छच्या स्वच्छ! उजवा वर आला तो राखेची झुबकेदार मिशी घेऊन!

"हा तुरमली," साळू म्हणाली.

"छे! छे!" म्हणत शेठ ताटलीवर वाकले, आणि त्यांना अशी शिंक आली की सगळी राख उडून त्यांच्या तोंडावर!

"तुला हे कुणी शिकवलं?" राजांनी विचारलं.

"कुणी नाही, सरकार. मामंजी पैलू पाडतात, खडे पुसायचं काम माझं. तामडा एका पुसण्यात लखलखतो. तुरमली मात्र कुठलाही असो, शेगडीजवळ तापला की राख ओढून घेतो, दोनदा पुसावा लागतो. बारा वर्षं याला शिव्या घालतेय, ओळखणार नाही होय?"

"आणि मी विस्तवाला मनाई केली असती तर?"

"उन्हात तापवला असता. सूर्य तुमची मनाई ऐकतो का, तेही कळलं असतं!"

राजे काही हार मानेनात. पडद्याआड बसलेल्या दोन्ही राण्यांकडे बघत त्यांनी मुद्दाम मोठ्याने विचारलं, "मग दोघांत चांगला कोण?"

येसबाने कपाळाला हात लावला. एकीला रुचेल ते दुसरीला खुपणार!

साळू म्हणाली, "पुसायला तामडा चांगला, सरकार. ओळखायला तुरमली."

पडद्याआड दोन्हीकडून बांगड्या किणकिणल्या. राजे पोट धरधरून हसले. "माग, पोरी, काय हवं ते माग!"

"दोऱ्याऐवजी काठ्यांना बांधायला थोडी तार द्या. एक तांब्याची, एक पितळेची. जळणार नाही."

"एक चांदीची, एक सोन्याची देतो! आणि येसबा, चाक तुझंच. उद्यापासून त्याचा आवाज मला इथं ऐकू आला पाहिजे!"

येसबाने डोळे पुसले. तेवढ्यात शेठ दाराकडे सरकताना साळूला दिसले.

"शेठजी, मिशीला राख लागलीय. दोनदा पुसा हं!"