मानकूबायला लागलेला दर्या

या गोष्टीला फार वर्षं झाली. सुरखडी गावाच्या होड्या तेव्हा शिडावर चालायच्या आणि गावात मानकू नावाची एक कोळीण राहायची. तिच्या नवऱ्याचं नाव हाशा. गडी धट्टाकट्टा, पण त्याला दर्या लागायचा. होडी खाडीच्या तोंडाबाहेर पडली की त्याच्या पोटात ढवळायचं, डोळ्यांपुढं अंधारी यायची आणि जाळं सोडून तो ओकत बसायचा. कोळ्याच्या पोराला दर्या लागावा, याहून मोठी लाज नाही. शेवटी होडीचा म्होरक्या गोमा तांडेल यानं त्याला किनाऱ्यावरच ठेवलं. हाशा बायकांच्या रांगेत बसून बोंबील वाळत घालू लागला. मान कधी वर करायचा नाही.

मानकूला ते बघवेना. तिनं सुंठ आणली, आमसुलं आणली, नाना पाले उकळले. प्रत्येक औषध आधी ती स्वतः घ्यायची आणि भरतीच्या लाटांत लहानशा होडीत बसून बघायची. असं दोन वर्षं चाललं. मग एके सकाळी तिनं हाशाला पातळ पेज पाजली, सुंठेचा तुकडा जिभेखाली दिला आणि सांगितलं, "मधोमध बस. पाण्याकडं बघू नको, लांब डोंगराकडं बघ."

त्या दिवशी हाशा ओकला नाही. परतला तो चिखलातून धावतच आला. म्हणाला, "मानकू, दर्या किती मोठा हाय गं! मी आजवर बघितलाच नव्हता."

आठ महिने तो समुद्रावर गेला. वैशाखात भर दुपारी वादळ उठलं. होडी आली, हाशा आला नाही.

मानकू रडली नाही, असं म्हणतात. एवढंच म्हणाली, "लागत होता तेच बरं होतं. मीच त्याला बरा केला." उरलेली सुंठ तिनं खाडीत फेकली. कुणी औषध मागायला आलं की दार लावून घ्यायची.

पुढच्या हंगामात लखमा नावाचा नवा गडी तिच्या दारात आला. ती म्हणाली, "किनाऱ्यावर राहा. जिता राहशील." तो औषधाविनाच होडीवर गेला. ओकून ओकून त्याची शुद्ध हरपली आणि तोल जाऊन तो पाण्यात पडला. बाहेर काढला तेव्हा जीव उरला नव्हता.

लखमाची आई मानकूकडे आली. भांडली नाही. उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "तुजा गेला तो हसत गेला गं. माजा ओकत गेला."

मानकू तशीच उठली, खाडीच्या तोंडाशी खडक होता त्यावर जाऊन उभी राहिली आणि दर्याला म्हणाली, "कुणाला लागायचंच असेल तर मला लाग. बाकीच्यांना सोड."

दर्यानं ऐकलं, असं म्हणतात. तेव्हापासून ती प्रत्येक नव्या गड्याला सुंठ द्यायची आणि होड्या निघाल्या की खडकावर जाऊन बसायची. तिकडं होड्या हलू लागल्या की इकडं ही कोरड्या खडकावर डुलायची. पोटात अन्नाचा कण ठरायचा नाही. समुद्रावर कुणाला काही व्हायचं नाही. साऱ्या गावाचा दर्या तिला एकटीला लागायचा. शेवटची होडी टेकली की मगच ती उठायची. अशी वीस वर्षं गेली. नुसती हाडं उरली. ती डुलायची तेव्हा खाली खडकसुद्धा हलायचा, असं म्हणतात.

गोमा तांडेल तोवर म्हातारा झाला होता. तो एकदा तिला म्हणाला, "बाय, बस कर आता. सगळे येतात ना परत?"

"सगळे?" मानकूनं विचारलं.

त्या साली पावसाच्या तोंडावर होड्या वर ओढल्या, पण मानकू खडकावरून उठली नाही. बायका हाक मारत गेल्या, तर ती बसल्या बसल्याच गेली होती. अंग अजून हळूहळू डुलत होतं.

आजही सुरखडीत हंगामाची शेवटची होडी वर ओढली की सगळे खलाशी त्या खडकापाशी जमतात. एकेक जण आपलं नाव सांगतो, "मानकूबाय, धर्मा आला." "मानकूबाय, पोशा आला." सगळ्यांचं झालं की सर्वांत म्हातारा तांडेल पुढं होतो, डोक्यावरची टोपी काढतो आणि दरवर्षी तेच खोटं बोलतो,

"बाय, हाशा पन आला. ऊठ, घरी जा."