एकेकालाच आत सोडा

परीक्षा तोंडावर आली होती आणि निम्म्या पोरांची प्रवेशपत्रं फोटोवाचून अडकली होती. आमच्या विद्यापीठाच्या वेबसाइटवर परीक्षा विभागाने पोरांचे फोटो चढवायचे म्हणजे एक निवडा, तो चढेपर्यंत ताटकळत बसा, मग पुढचा. सगळे फोटो एकदम चढवायची सोय प्रोग्रामरने कधीच तयार ठेवली होती. कुलसचिव रेगुंडवार तेवढी परवानगी देत नव्हते. "एकेक करूनच टाका. शिस्त म्हणतात याला," असं सुनावून त्यांनी परीक्षा विभागातल्या हेमांगी टिपरेचा प्रस्ताव दरवेळी परत पाठवला. शिस्त कसली डोंबलाची, नुसता हेका.

शेवटी चिडलेले पालक त्यांच्या केबिनबाहेर जमले. साहेबांना स्वतःच्या सत्काराला जायची घाई. "पाठवा त्यांना, दोन मिनिटांत समजावतो," ते म्हणाले.

हेमांगीने एका पालकाला आत सोडलं आणि दार लावून घेतलं. साहेबांनी सहकार्याचं भाषण दिलं. तो बाहेर आल्यावर तिने दुसरा सोडला. पुन्हा तेच भाषण, पहिल्यापासून. तिसरा दारात दिसताच साहेब भडकले.

"बाई, डोकं ठिकाणावर आहे का? एकेकाला घेत मी काय इथेच मुक्काम करू? सगळ्यांना एकदम आत सोडा."

"मी तरी दुसरं काय मागत होते, साहेब?" म्हणत हेमांगीने प्रस्ताव टेबलावर ठेवला.

साहेबांनी पेन काढलं, पण टोपण काही उघडलं नाही.

"सही नसेल करायची तर राहू द्या," ती म्हणाली. "पुढचा पालक पाठवते. शिस्त म्हणतात याला."