पातेल्यात उतरलेला पंच

एका गावात एक तांब्याचं पातेलं होतं. भलं मोठं. उचलायला चार गडी लागत, आणि आतून घासायचं तर माणसाला आतच उतरावं लागे. गावातल्या ख्रिस्ती मंडळीचं ते सामाईक पातेलं. सुगीच्या सणाला, नाताळाला, ईस्टरला उपासना झाली की त्यात चिंचेची आमटी शिजायची आणि चर्चच्या अंगणात सगळे एका पंगतीत बसून भाकरी कुस्करून खायचे. याला म्हणायचे प्रीतिभोजन.

आता तांब्याची एक खोड असते. आतून कथलाची कल्हई नसेल तर त्यात आंबट पदार्थ कळकतो. हिरवट होतो, जिभेला चरचरतो, आणि पोटात गेला की माणसाला ओकायला लावतो. म्हणून दर सुगीआधी शांतवन कल्हईवाला पातेल्याला कल्हई करून द्यायचा. त्याचा बाप द्यायचा, तसाच तो. देवाची सेवा म्हणून.

कल्हईत खरं काम असतं ते घासण्याचं. पातेल्यात वाळू आणि काथ्या टाकायचा, अनवाणी आत उभं राहायचं, शेजारच्या घराच्या भिंतीला हात टेकायचे आणि कंबर इकडून तिकडे फिरवत पायांनी बूड घासायचं. बघणाऱ्याला वाटावं, माणूस नाचतोय. पोरं जमायची, टाळ्या पिटायची. शांतवनही हसायचा आणि मुद्दाम एखादी गिरकी जास्त घ्यायचा. आतलं तांबं लालबुंद उघडं पडलं की पातेलं भट्टीवर तापवायचं, नवसागराची चिमूट टाकायची आणि कथील फिरवायचं. मग त्यापुढे चांदी झक मारते.

पण एका साली मंडळीने शांतवनला पंच केलं. तो चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसू लागला. साक्ष द्यायला उभा राहिला की म्हणे, "प्रभूने मला धुतलंय. आता माझ्यात डाग नाही." लोक माना डोलवत.

सुगी आली, पातेलं शांतवनच्या दारात आलं. त्याने धोतर खोचलं, एक पाय उचलला, आणि पाहतो तर रस्त्याने मंडळीतली माणसं येत होती. पंचाने पातेल्यात नाचायचं? त्याने पाय खाली ठेवला. हातानेच वरवर फडकं मारलं. बुडाच्या वळणात काळं कीट दिसत होतं, ते तसंच राहू दिलं आणि वरून कथील जरा जाड फिरवलं. पातेल्यात तोंड दिसू लागलं. आतलं कोण बघायला जातंय?

सणाच्या दिवशी आमटी कळकली. पंगतच्या पंगत कुंपणाला धरून उभी राहिली.

पोटं शांत झाल्यावर सगळे पातेल्याभोवती जमले. असं झालं तरी कसं? कोणी आत डोकावून म्हणालं, "कल्हई बघा की."

"अहो, तोंड दिसतंय यात. आणि कल्हई कुणाची, तर शांतवनभाऊंची."

मग चिंच चाखून पाहिली. चिंच चांगली. पाणी पिऊन पाहिलं. पाणी गोड. मीठसुद्धा जिभेवर ठेवून झालं. मग मंडळीतली मार्थाबाई हळूच म्हणाली, "भांडं स्वच्छ, चिंच स्वच्छ, पाणी स्वच्छ. मग राहिलं काय? पळी धरणारा हात."

पळी धरायची तबिथाबाई. नवरा गेलेला, घरात एकटी. लग्न होऊन आली तेव्हापासून ही आमटी तिचीच. तिला गावात दुसरा मान नव्हता, होता तो या पळीचा. पंच तिच्या घरी गेले, आणि बोलायला पुढे झाला तो शांतवन. "बाई, मनात काही दडलं असेल तर काढून टाका. पश्चात्ताप करा. तोवर पळी मार्थाबाईकडे राहू द्या."

तबिथाबाईने मनापासून शोधलं. रविवारी भर उपासनेत उभी राहिली. "मार्थाबाईच्या कोंबडीला मी खडा मारला होता. उपदेश चालू असताना मला डुलकी लागते. आणि विहिरीवर मी एकदा पाळकसाहेबांच्या खोकल्याची नक्कल केली."

उपदेशाला उभे असलेले पाळकसाहेब नेमके तेव्हाच खोकले.

"तरीच कोंबडी लंगडते," मार्थाबाई पुटपुटली.

नाताळ जवळ आला. पातेलं जरा काळवंडलंय असं सांगून शांतवनने ते घरी मागवलं. आत उतरायची लाज तीच. त्याने जुन्या कल्हईवरच नवी चढवली. पहिल्यापेक्षा लखलखीत. आमटी मार्थाबाईने केली, आणि तीही कळकली.

आता मात्र लोक चक्रावले. हात बदलला, तरी आमटी तीच. कोणी म्हणे चुलीचं तोंड फिरवा, कोणी म्हणे लाकडं बदला. शेवटी एकाने शोध लावला, "तबिथाबाई पंगतीत बसते ना. तिचा पश्चात्ताप अजून पुरा झाला नसेल." ठरलं. ईस्टरला तबिथाबाईने पंगतीला यायचं नाही.

तिने वाद घातला नाही. ती सरळ शांतवनकडे गेली आणि भट्टीजवळ बसली.

"शांतवनभाऊ, तुम्ही जाणते. मी माझं मन गोधडीसारखं उलटंपालटं करून झाडलं. कोंबडीपासून सगळं बाहेर काढलं. आता काही सापडत नाही. तुम्ही रोज भांडी बघता. कीट कुठल्या कोपऱ्यात दडून बसतं, तेवढं सांगा. मी घासते."

शांतवनच्या हातातला भाता थांबला. बुडाच्या वळणात, हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले. त्याने ते गिळले. बाई उठली आणि गेली. त्या दिवशी त्याला भाकरी गोड लागली नाही.

ईस्टरच्या आदल्या रविवारी उपासना सुटली, तेव्हा लोकांनी पाहिलं. अंगणात भट्टी पेटली होती आणि शांतवन पातेलं तापवत होता. जुनी कल्हई वितळली तशी त्याने ती फडक्याने पुसून काढली. खाली काळं, हिरवं कीट. लोक वाकून बघू लागले.

"कीट या बाईच्या मनात नव्हतं, इथे होतं," शांतवन म्हणाला. "मी ते पाहिलं होतं आणि त्यावर कथील फिरवलं. नाताळाला पुन्हा फिरवलं. पंच झालो, म्हणून मला पातेल्यात उतरायची लाज वाटली. आणि पश्चात्ताप करायला कुणाला सांगितलं, तर हिला."

पातेलं निवलं. शांतवनने वहाणा काढल्या, धोतर खोचलं आणि आत उतरला. पण अंगणात टेकायला भिंत नव्हती. पहिल्याच गिरकीला त्याचा तोल गेला.

तबिथाबाई पुढे आली आणि तिने खांदा दिला. "धरा. आणि वळणात नीट घासा. तुमच्यापायी मला कोंबडीची गोष्ट चारचौघांत सांगावी लागली."

आधी पोरं हसली, मग सगळेच. शांतवनही हसत होता, आणि डोळे पुसत होता, आणि घासत होता. तांबं लालबुंद उघडं पडलं.

पाळकसाहेबांनी कुतूहलाने विचारलं, "आता झालं का हो हे स्वच्छ?"

"नाही साहेब. नुसतं घासलेलं तांबं असंच ठेवलं तर पुन्हा काळं पडतं. पातेलं स्वतःला कल्हई करू शकत नाही. ती वरून यावी लागते. घासायचं एवढ्याचसाठी, की तिला धरायला जागा व्हावी."

मग त्याने कथील फिरवलं. ते वळणावळणात जाऊन घट्ट बसलं.

ईस्टरला पळी तबिथाबाईच्या हातात होती. तिने पहिली आमटी वाढली ती शांतवनला. अख्खी पंगत घास हातात धरून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. शांतवनने भुरका मारला. थांबला. मग वाटी पुढे केली आणि म्हणाला, "बाई, अजून वाढा."

तात्पर्य: झाकलेल्या पापावर पावित्र्याचा कितीही थर चढवला, तरी ते कळकतं, आणि बाधतं शेजाऱ्याला. मन उघडं करून घासणं आपलं. त्यावर तारणाची कल्हई चढवणारा प्रभू.