मामासाहेबांचा झाकलेला घोडा

राजकन्या मंजुळा लाकडी घोडे मांडून धाकट्या भावंडांना घोड्यांच्या जाती शिकवी. पागा सांभाळणाऱ्या तिच्या मामासाहेबांना ते मुळीच खपत नसे. एक दिवस त्यांनी डोक्यापासून खुरांपर्यंत झुलीने झाकलेला घोडा अंगणात आणला.

“सांगा आक्कासाहेब, अरबी की मारवाडी? चुकलात तर तुमचा पोरखेळ बंबात!”

मुलं रडवेली झाली. मंजुळा मात्र घोड्याच्या डोक्याकडे पाहत राहिली. कानांपाशी झुलीला दोन उंचवटे नव्हते, एकच टोक आलं होतं.

“मारवाडी. त्याच्या कानांची टोकं एकमेकांना भिडतात.”

झूल निघाली. मारवाडीच! मुलांनी आपले घोडे पोटाशी धरले.

“हे लाकडावरून कळलं?” मामासाहेब गुरगुरले.

“हो, मामासाहेब. तुम्ही जन्मभर घोड्यावर बसलात. आम्ही त्याला समोर ठेवून पाहिलं.”