बाळंतिणीची शेगडी आणि उतरवलेले छप्पर

पूर्वी शरावती नगरीत विपुलसेन राजा राज्य करीत होता. त्याच्या मुलखात वेणुग्राम नावाचे बुरुडांचे एक गाव होते, आणि बोधिसत्त्व त्या जन्मी तिथे क्षेमक नावाने गावाचे राखणदार होते.

वेणुग्रामातल्या घरांच्या भिंती मातीच्या, पण छपरे गवताची. एका घराची वळचण दुसऱ्याला टेकलेली. दारोदार बांबूच्या कामट्यांचे ढीग. एके वर्षी उन्हाळ्यात अर्धे गाव जळाले, तेव्हा गावकऱ्यांनीच एकत्र बसून नियम ठरवले. होळी झाली की पाऊस पडेपर्यंत गवती छपराखाली विस्तव ठेवायचा नाही. स्वयंपाक नदीकाठच्या सामाईक चुलींवर करायचा. दाराशी पाण्याने भरलेला रांजण हवा आणि छपराचे गवत ओढून काढायला लांब आकडी हवी. ज्याच्या घरात विस्तव सापडेल त्याचे छप्पर उतरवायचे आणि पावसापर्यंत ते पुन्हा शाकारू द्यायचे नाही. हे नियम पाळवून घेण्याचे काम क्षेमकाकडे होते. ते चौकीत राहत. गावात तेवढे एकच घर धाब्याचे, म्हणजे वर मातीचे सपाट छत असलेले होते.

त्याच गावात नंदिका नावाची बाळंतीण होती. तिचे पहिले मूल गार पडून गेले होते. हाताला गार लागले म्हणून तिने उचलले, तर ते गेलेलेच होते. आता ही दुसरी मुलगी, तीही अपुऱ्या दिवसांची, मुठीएवढे तोंड. नंदिकेला झोप अशी नव्हतीच. डोळा लागला की दचकून उठायची, मुलीच्या छातीवर हात ठेवायची, श्वास लागला की मग आपला श्वास सोडायची. नवरा रानात बांबू तोडायला गेलेला, तो पावसाआधी परतणार नव्हता. घरात सासू कालिका होती. बाहेर ऊन रणरणत असले तरी बाळ-बाळंतिणीला शेक हवाच, असे तिथल्या बायका मानत. कालिकेने नदीवरच्या चुलीतले निखारे मडक्यात घातले, वर शेणी रचल्या आणि टोपलीतून घरी आणले. बाजेखाली शेगडी पेटली. धूर दिसू नये म्हणून बाजेभोवती ओली गोधडी सोडली. पण निखाऱ्यांवर ओवा न टाकता शेक द्यायचा, हे काही कालिकेला जमले नाही.

क्षेमक दुपारच्या फेरीला निघाले होते. ते नंदिकेच्या दारासमोर थांबले आणि बाळंतिणीचे घर म्हणून पाठ फिरवून उभे राहिले.

"कालिकाआजी, ओव्याचा वास येतोय."

"माझं पोट दुखत होतं. चघळला चिमूटभर."

"चघळलेल्या ओव्याला धूर येत नाही, आजी."

"बापईमाणसानं बाळंतिणीच्या दाराशी नाक खुपसू नये. तुझ्या आईनं तुला काय गार दगडावर वाढवलं?"

गल्लीतल्या बायका जमल्या. कोणी म्हणाली, जाऊ द्या हो, बाळंतीण आहे. गल्लीच्या तोंडाशी राहणारा धनगुप्त व्यापारीही आला. त्याच्या मुलीचे लग्न जवळ आले होते. तो हसत म्हणाला, "सोडा की हिला. मग आमचं तळणही घरातच उरकतो. नदीवर जाऊन कोण उन्हात बसतंय?"

आता काय होणार हे नंदिकेला कळले. सासूला बाजूला सारून ती मुलीला पोटाशी धरून दाराशी आली.

"दादा, विस्तव आहे. मीच ठेवायला लावला. पहिलं लेकरू माझ्या हातात गार झालं. छप्पर काढायचं तर काढा, पण शेक नेऊ नका."

क्षेमकांनी मनाशी विचार केला. हिला सोडले तर उद्या प्रत्येक घराला एकेक कारण सापडेल आणि वाऱ्याला कोणाचेही कारण कळणार नाही. न सोडावे, तर या मायलेकींनी जायचे कुठे?

मग ते म्हणाले, "बाई, छप्पर उतरेल. शेक मात्र थांबणार नाही. चौकीवर मातीचं धाबं आहे, तिथं विस्तवाला मनाई नाही. तू, आजी आणि लेक, तिघी तिकडं चला. पाऊस पडेपर्यंत ते घर तुमचं."

"आणि तुम्ही?"

"हे घर रिकामं होतंय, इथं राहीन."

"याला छप्पर नसेल," कालिका म्हणाली.

"माहीत आहे, आजी. मीच काढणार आहे."

त्यांनी स्वतः आकडी घेतली आणि गवत खाली ओढले. कामट्यांचा ढीगही गावाबाहेर नेऊन टाकला. मग डोक्याला ओले फडके बांधून ते त्या उघड्या घरात राहू लागले. कालिका चौकीत शेगडी फुंकायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "नियमवाला बघितलास का? स्वतःच उन्हात वाळतोय." पण संध्याकाळी नदीवर भाकरी थापताना एक त्यांच्या वाट्याचीही थापायची. मुलगी अंग धरू लागली. तरी नंदिकेचा हात तिच्या छातीवर जायचाच.

धनगुप्ताच्या घरी लग्नाचे तळण निघाले. त्याने दारे लावून कढई घरातच चढवली. तेल पेटले, जाळ छपराला लागला. पश्चिमेचा वारा सुटला होता. आग एका वळचणीवरून दुसऱ्या वळचणीवर उड्या मारीत गल्लीत शिरली. क्षेमकांनी हाक देताच पुढच्या घरांतली माणसे आधी बाहेर काढली गेली.

नंदिका मुलीला घेऊन चौकीच्या दारात आली. जाळ आपल्याच घराकडे येताना तिने पाहिला. त्या घराच्या अलीकडे, चौकीच्या बाजूला, उरलेली सारी गल्ली होती, म्हातारी माणसे होती, पाळण्यातली पोरे होती. शेजारचे छप्पर भडकले. जाळ पुढे वाकला, पण पुढे छप्पर नव्हते. मातीच्या चार भिंती होत्या आणि त्यांच्यावर रांजणातले पाणी ओतणारे क्षेमक होते. उडून आलेल्या ठिणग्या उघड्या जमिनीवर पडल्या, लोकांनी त्या ओल्या पोत्यांनी झोडपल्या. आग तिथेच घुटमळली आणि बसली.

जळालेली सगळी घरे धनगुप्ताच्या बाजूची होती. जीव मात्र एकही गेला नाही. धनगुप्त राखेत खाली मान घालून उभा राहिला.

क्षेमक त्याला म्हणाले, "तुझं छप्पर उतरवायला काही उरलं नाही. लेकीचं लग्न चौकीपुढं करू. तळण मात्र नदीवर."

नंदिका पुढे आली आणि तिने मुलगी त्यांच्या पायांपाशी ठेवली. त्या वेळी तिचा हात मुलीच्या छातीवर गेला नाही.

"अगं, मी तुझं छप्पर काढलं. पाया कसली पडतेस?"

"काढलंत, दादा, पण आम्हाला उघड्यावर ठेवलं नाहीत. तुम्ही तेव्हा दया करून नुसते निघून गेला असता, तर आज ही सारी गल्ली गेली असती. आणि नुसता नियम चालवला असता, तर या पोरीच्या काळजीनं माझा जीव तेव्हाच गेला असता."

कालिका डोळे पुशीत म्हणाली, "भाजलेत हो हात याचे. तूप आण गं कोणीतरी. उभ्या काय राहिलात?"

पहिला पाऊस झाल्यावर गल्लीतल्या प्रत्येक घराने गवताची एकेक पेंढी आणली आणि सगळ्यांनी मिळून नंदिकेचे घर शाकारले.

पुढे बुद्ध झालेल्या शास्त्यांनी ही कथा सांगितली ती एका विहारात. तिथे एक म्हातारी उपासिका, एका गृहस्थाने आणून दिलेला दिवा गवताच्या कुटीत ठेवू दिला नाही म्हणून रागावून बसली होती, आणि तिची सून तिची समजूत घालीत होती. कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाची कालिका म्हणजे ही रागावलेली उपासिका. नंदिका म्हणजे तिची ही सून. धनगुप्त म्हणजे तो दिवा आणून देणारा गृहस्थ. आणि वेणुग्रामचा राखणदार क्षेमक, तो मीच होतो."

म्हातारी हसली आणि उठून तिने स्वतः दिवा बाहेरच्या दगडी चौथऱ्यावर नेऊन ठेवला.

ज्याच्यावर नियम चालवायचा त्याचेच ऊन आपल्या डोक्यावर घेणे, ही मैत्री पारमिता, म्हणजे सर्वांविषयीच्या प्रेमभावाची परिपूर्णता. त्या जन्मी बोधिसत्त्वांनी ती अशी पूर्ण केली.